लिनक्स लॅपटॉपच्या स्पीकरमधून आवाज येत नाही? कुठे अडलाय ते असे शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि अनेकांनी आपल्या चांगल्या चालत्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकले. वायफाय लागते, टचपॅड चालतो, व्हिडिओ दिसतो, पण स्पीकरमधून हूं की चूं नाही. अशा वेळी नवखा माणूस एकतर 'लिनक्समध्ये हे असंच चालायचं' म्हणून परत विंडोजकडे वळतो, नाहीतर नेटवर सापडतील त्या कमांड एकामागून एक चिकटवत सुटतो. मला दुसऱ्या मार्गाची जास्त काळजी वाटते. कुणीतरी सांगते पल्सऑडिओ काढून टाका, कुणी सांगते अल्सा पुन्हा बसवा, आणि हे करताना कधीकधी डेस्कटॉपची निम्मी पॅकेजेसही सोबत निघून जातात. मूळ तक्रार होती तिथेच राहते आणि वर दुसरी उभी राहते.

बहुतेक वेळा स्पीकर बिघडलेला नसतोच. आवाज वाटेत कुठेतरी अडलेला असतो, आणि कुठे अडलाय हे एकदा कळले की उपाय बहुधा एका ओळीचा निघतो. म्हणून आधी शोध, मग दुरुस्ती. एका वेळी एकच गोष्ट बदला. फरक पडला नाही तर ती पूर्ववत करा आणि मगच पुढे जा.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर हा प्रश्न फारच गंभीर आहे. ओर्का हा लिनक्सचा स्क्रीनरीडर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो आणि ईस्पीक एनजीमुळे तो मराठीतही बोलू शकतो. आवाज गेला की अशा व्यक्तीच्या हातून अख्खा लॅपटॉपच गेल्यासारखा होतो. घरात किंवा शाळेत असे कुणी असेल तर हे काम उद्यावर टाकू नका.

आवाज कोणत्या वाटेने जातो

ब्राउझर किंवा व्हीएलसी आवाज तयार करतो आणि ध्वनीसेवेकडे देतो. आजच्या बहुतेक वितरणांत (मिंट, उबंटू, फेडोरा असे लिनक्सचे प्रकार) ही सेवा म्हणजे पाइपवायर. फेडोराने २०२१ मध्ये, उबंटूने २०२२ च्या ऑक्टोबरमधल्या आवृत्तीपासून आणि लिनक्स मिंटने २०२४ मधल्या २२ व्या आवृत्तीपासून ती मुख्य केली. त्याआधी हे काम पल्सऑडिओकडे असे. कोणता आवाज कोणत्या उपकरणाकडे पाठवायचा याचे निर्णय वायरप्लंबर नावाचा पाइपवायरचा सोबती घेतो. त्याखाली कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, अल्सा. त्याखाली मदरबोर्डवरची ध्वनीची चिप, जिला कोडेक म्हणतात आणि जी बहुतेक लॅपटॉपमध्ये रिअलटेकची असते. मग ॲम्प्लिफायर, आणि शेवटी स्पीकर. आपण वरून खाली तपासत जाणार आहोत.

कमांडबद्दल एक सूचना. या लेखात त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरे छोटी ठेवून टाइप करायच्या. जिथे स्पेलिंगचा गोंधळ होऊ शकतो तिथे अक्षरे फोडून दिली आहेत. टर्मिनलची अजिबात सवय नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे मराठी धडे मोबाइलवर पाहून घ्या.

पायरी १: टर्मिनल उघडण्याआधी

कीबोर्डवरचे म्यूटचे बटण दाबून पाहा. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपवर या बटणात छोटा दिवा असतो आणि तो पेटलेला असेल तर आवाज बंद आहे. ब्राउझरचा टॅबही म्यूट असू शकतो. टॅबवर उजवी क्लिक केली की कळते. शंका नको म्हणून लॅपटॉपमध्येच साठवलेली एखादी गाण्याची फाइल वाजवून पाहा.

आता ब्लूटूथ बंद करा. बॅगेत पडलेले इयरबड्स आपोआप जोडले गेले आणि सगळा आवाज तिकडे गेला, हे सर्रास होते.

मग तारेचे हेडफोन लावून ऐका. ही तपासणी मला सगळ्यांत मोलाची वाटते. हेडफोनमध्ये आवाज आला तर ब्राउझर, पाइपवायर, कर्नल आणि कोडेक हे सगळे धडधाकट आहेत आणि दोष फक्त स्पीकरकडे जाणाऱ्या फाट्यावर आहे. हेडफोनमध्येही शुकशुकाट असेल तर अडचण वर कुठेतरी आहे. उत्तर कागदावर लिहून ठेवा, पुढे दोनदा लागेल.

पायरी २: आवाज भलतीकडे जातोय का

सेटिंग्जमध्ये ध्वनीचे पान उघडा आणि आउटपुटची यादी पाहा. तिथे साधारण दोन-तीन नावे दिसतात. एक अंतर्गत स्पीकरचे आणि एक-दोन एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची. निवड एचडीएमआयवर असेल तर आवाज न जोडलेल्या टीव्हीकडे जातो आहे. कॉलेजात प्रोजेक्टर किंवा घरी टीव्ही जोडला, तेव्हा कुणीतरी एचडीएमआय निवडले, आणि वायरप्लंबर अशी निवड लक्षात ठेवतो. अंतर्गत स्पीकर निवडून शेजारचे चाचणीचे बटण दाबा. माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपपैकी बरेचसे इथेच बोलू लागतात.

इथे काम झाले नाही तर पुढच्या शोधासाठी एक छोटे साधन बसवून घ्या: पॅव्ह्यूकंट्रोल. स्पेलिंग पी-ए-व्ही-यू आणि त्याला जोडून कंट्रोल. नावात पल्सऑडिओचे पी-ए असले तरी ते पाइपवायरवरही उत्तम चालते. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये याच नावाने मिळते. ते उघडा, गाणे चालू ठेवा आणि 'आउटपुट डिव्हायसेस' या टॅबवर जा. आवाजाच्या पट्टीखाली एक बारीक रेष गाण्याबरोबर हलताना दिसते. ती हलत असेल तर आवाज ध्वनीसेवेपर्यंत नक्की पोचला आहे. हलत नसेल तर 'प्लेबॅक' टॅबवर पाहा. तिथे तुमचा ब्राउझर दुसऱ्याच उपकरणाला जोडलेला असू शकतो, आणि शेजारच्या यादीतून तो बदलता येतो.

शेवटचा टॅब 'कॉन्फिगरेशन'. इथे प्रत्येक ध्वनीकार्डाचे प्रोफाइल असते. अंतर्गत ध्वनीचे प्रोफाइल 'ऑफ' असेल तर स्पीकर यादीत दिसणारच नाही. 'ॲनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स' निवडा. काही नव्या इंटेल लॅपटॉपवर त्याऐवजी 'हायफाय' शब्द असलेले प्रोफाइल असते, तेही योग्यच. 'प्रो ऑडिओ' प्रोफाइल निवडलेले असेल तर बदला. ते ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी आहे आणि त्यात 'स्पीकर', 'हेडफोन' अशी ओळखीची नावेच उरत नाहीत.

आता तुमचा लॅपटॉप या तीनपैकी एका जागी असेल. स्पीकर यादीत आहे, रेष हलते, पण आवाज नाही: पायरी ३. यादीत फक्त एचडीएमआय आहे किंवा यादी दर खेपेला वेगळीच दिसते: पायरी ४. यादीत केवळ 'डमी आउटपुट' आहे: सरळ पायरी ५. बाकीचे वाचण्यात वेळ घालवू नका.

पायरी ३: स्पीकर दिसतो, पण बोलत नाही

टर्मिनल उघडा आणि टाइप करा:

अल्सामिक्सर

म्हणजे ए-एल-एस-ए आणि त्याला जोडून मिक्सर, मध्ये जागा नाही. पुढे सुडो (कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) लावायचे नाही. काळ्या पडद्यावर उभे स्तंभ दिसतील. पहिल्यांदा उघडल्यावर बहुधा एकच स्तंभ असतो आणि वर कार्डाच्या जागी पाइपवायर किंवा पल्सऑडिओ लिहिलेले असते. हे खरे कार्ड नव्हे. एफ६ दाबा आणि यादीतून खरे कार्ड निवडा. इंटेलवर त्याचे नाव 'एचडीए इंटेल पीसीएच' किंवा 'सोफ-एचडीए-डीएसपी' अशा धर्तीचे असते. रायझनच्या लॅपटॉपवर बरेचदा 'एचडी-ऑडिओ जेनेरिक' अशी दोन सारखीच नावे दिसतात. त्यातले पहिले सहसा एचडीएमआयचे असते आणि स्पीकर दुसऱ्यावर. निवडल्यावर नुसते 'एस/पीडीआयएफ' असे स्तंभ दिसले तर तुम्ही एचडीएमआयच्या कार्डावर आहात. परत एफ६ दाबून दुसरे घ्या.

आता 'मास्टर', 'हेडफोन', 'स्पीकर' आणि 'पीसीएम' असे स्तंभ दिसतील. प्रत्येकाच्या तळाशी एक छोटा चौकोन असतो. त्यात दोन शून्ये असतील तर तो मार्ग चालू आहे. 'एमएम' असेल तर म्यूट. उजव्या-डाव्या बाणांनी 'स्पीकर'वर या. 'एमएम' दिसले तर कीबोर्डवरचे एम दाबा, चौकोनात शून्ये येतील. मग वरच्या बाणाने आवाज वाढवा. काही मॉडेलमध्ये 'बास स्पीकर' असा आणखी एक स्तंभ असतो, तोही उघडा. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये शंभर टक्के आवाज दिसत असताना इथे 'स्पीकर' म्यूट असणे अगदी शक्य आहे, आणि टर्मिनलमध्ये डोकावल्याशिवाय ते कळत नाही.

उजवीकडे सरकत गेलात की 'ऑटो-म्यूट मोड' असा एक स्तंभ भेटू शकतो. हेडफोन लावले की स्पीकर आपोआप बंद करणे हे त्याचे काम. पण हेडफोनच्या भोकात धूळ साचली किंवा आतली पत्री वाकली, तर हेडफोन काढल्यावरही लॅपटॉपला ते लावलेलेच वाटतात आणि स्पीकर बंदच राहतो. खूण सोपी आहे: काहीही न लावता सेटिंग्जच्या यादीत 'हेडफोन' निवडलेले दिसते. पिन हळुवार आत-बाहेर करून पाहा, फुंकर मारा. टोकदार वस्तू आत घालू नका. तेवढ्याने भागले नाही तर 'ऑटो-म्यूट मोड'वर येऊन खालच्या बाणाने तो 'डिसेबल्ड' करा. स्पीकर लगेच वाजू लागला तर दोष त्या भोकाचा आहे. यापुढे हेडफोन लावल्यावर स्पीकर हाताने बंद करावा लागेल, पण काम अडणार नाही.

एस्केप दाबून बाहेर या. ही मांडणी पुढच्या वेळीही टिकावी म्हणून:

सुडो अल्सासीटीएल स्टोअर

इथे अल्साची चार अक्षरे आणि त्यांना लागूनच सी-टी-एल असे टाइप करायचे: ए-एल-एस-ए-सी-टी-एल.

मिक्सर सगळा उघडा असूनही आवाज नसेल तर ध्वनीसेवेला वळसा घालून थेट कार्डाशी बोलून पाहा. आधी सगळी गाणी आणि व्हिडिओ बंद करून पाच-सहा सेकंद थांबा, म्हणजे पाइपवायर कार्ड मोकळे सोडतो. मग:

एप्ले -एल

म्हणजे ए या अक्षराला जोडून प्ले, जागा, वजाचे चिन्ह आणि एल. उत्तरात कार्डांची यादी येते. उदाहरणार्थ, 'कार्ड ०: पीसीएच, डिव्हाइस ०: एएलसी२५७ ॲनालॉग'. एएलसी म्हणजे रिअलटेकचा कोडेक. त्याच्या ओळीतले कार्ड आणि डिव्हाइस हे दोन आकडे घेऊन:

स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह -डी प्लगएचडब्ल्यू:०,०

यात 'वेव्ह'चे स्पेलिंग डब्ल्यू-ए-व्ही, 'प्लग'ला जोडून एच-डब्ल्यू, आणि शेवटचे -डी मात्र मोठ्या लिपीतले. सगळ्या लेखात मोठे अक्षर लागते ते एवढेच. आकडे अर्थातच इंग्रजी. एका स्त्रीच्या आवाजात 'फ्रंट लेफ्ट', 'फ्रंट राइट' ऐकू यायला हवे. कंट्रोल आणि सी दाबले की चाचणी थांबते. इथे ऐकू आले आणि ब्राउझरमध्ये येत नाही, तर दोष पाइपवायरचा: पायरी ४. इथेही नाही आणि हेडफोनमध्ये मात्र येतो, तर पायरी ६ आणि ७ पाहा.

पायरी ४: ध्वनीसेवा गोंधळली आहे

लॅपटॉप झोपवून उठवला किंवा डॉकिंग स्टेशनवरून काढला की कधीकधी असे होते. सेवा नव्याने सुरू करा:

सिस्टिमसीटीएल --यूझर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स

'सिस्टिम'ला जोडून सी-टी-एल, आणि 'यूझर'च्या आधी दोन वजाची चिन्हे. इथेही सुडो नको. ध्वनीसेवा तुमच्या खात्याच्या नावाने चालते. सुडो लावून ही कामे करण्याची सवय लागली की पुढे परवानग्यांचा घोळ होतो.

तरीही निवड भलतीकडेच उडत असेल तर वायरप्लंबरची साठवलेली आठवण बाजूला ठेवा. फाइल मॅनेजरमध्ये आपले होम फोल्डर उघडा, कंट्रोल आणि एच दाबून लपलेली फोल्डरे दाखवा. मग .लोकल, त्यात स्टेट, त्यात वायरप्लंबर. या शेवटच्या फोल्डरचे नाव बदला, काढून टाकू नका. लॉगआउट करून परत या. वायरप्लंबर कोऱ्या पाटीवर नवे फोल्डर तयार करेल. जुन्या मिंट २१ सारख्या पल्सऑडिओच्या यंत्रणेवर हेच काम .कॉन्फिग मधल्या पल्स फोल्डरचे नाव बदलून होते.

आपल्या यंत्रात नक्की कोणती सेवा आहे याची खात्री नसेल तर:

पॅक्टल इन्फो

म्हणजे पी-ए-सी-टी-एल, जागा, इन्फो. 'सर्व्हर नेम'च्या ओळीत 'पल्सऑडिओ, ऑन पाइपवायर' असे दिसले तर पाइपवायर आहे. नुसते पल्सऑडिओ असेल तर जुनी पद्धत. हे माहीत असणे गरजेचे आहे, कारण नेटवरचे अर्धे उपाय जुन्या सेवेसाठी लिहिलेले आहेत. स्वतःला 'ऑडिओ' ग्रुपमध्ये घालण्याचा सल्लाही त्याच काळातला. आज लॉगइन केलेल्या माणसाला ती परवानगी आपोआप मिळते.

पायरी ५: फक्त 'डमी आउटपुट'

डमी आउटपुट म्हणजे पाइपवायरला एकही खरे कार्ड सापडलेले नाही. मिक्सरशी खेळून इथे काही होणार नाही. तक्रार कर्नलच्या पातळीवर आहे. टाइप करा:

एलएसपीसीआय -एनएनके

यादीत 'ऑडिओ डिव्हाइस' किंवा 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' शोधा. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. तिथे एसएनडी_एचडीए_इंटेल असेल तर जुना, रुळलेला मार्ग. सोफने सुरू होणारे नाव असेल तर नवा. ओळच नसेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. ऑडिओ डिव्हाइसच दिसत नसेल तर बायोसमध्ये ध्वनी बंद केलेला आहे का ते पाहा. कंपन्यांतून निघालेल्या लॅपटॉपवर कधीकधी तो मुद्दाम बंद केलेला असतो.

सोफ म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर. साधारण २०१९-२० पासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये अंतर्गत माइक डिजिटल असतो आणि तो प्रोसेसरच्या चिपसेटमधल्या ध्वनीप्रक्रियकाला जोडलेला असतो. असा माइक दिसला की कर्नल जुना मार्ग सोडून सोफचा ड्रायव्हर घेतो. त्या ड्रायव्हरला चिपमध्ये भरायला एक फर्मवेअर फाइल, म्हणजे चिपचा स्वतःचा छोटा प्रोग्राम, लागते. ती डिस्कवर नसेल तर माइक तर जातोच, त्याच्याबरोबर स्पीकरही जातो. खात्री करायला:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय सोफ

म्हणजे डी-एम-ई-एस-जी, मग उभी रेघ, मग जी-आर-ई-पी, मग -आय, मग एस-ओ-एफ. उत्तरात फर्मवेअरच्या फाइलचे नाव, 'फेल्ड' आणि शेवटी -२ हा आकडा दिसला तर निदान पक्के. लिनक्सच्या भाषेत -२ म्हणजे 'अशी फाइलच नाही'.

उपाय एका पॅकेजचा आहे. डेबियनमध्ये त्याचे नाव फर्मवेअर-सोफ-साइन्ड, फेडोरात अल्सा-सोफ-फर्मवेअर, आर्चमध्ये सोफ-फर्मवेअर. उबंटू आणि मिंटमध्ये ते सहसा आधीच असते. डेबियनवर ही अडचण जास्त दिसण्याचे कारण असे की २०२३ च्या १२ व्या आवृत्तीआधी डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त परवान्याबाहेरची फर्मवेअरे नसत. पॅकेज बसवून लॅपटॉप पूर्ण बंद करा, मग चालू करा.

पॅकेज असूनही सोफ उभा राहत नसेल तर तात्पुरता तोडगा म्हणून कर्नलला जुना मार्ग घ्यायला सांगता येते. ईटीसी फोल्डरमधल्या मॉडप्रोब.डी मध्ये एक नवी फाइल करा, नाव शेवटी .कॉन्फ असलेले काहीही चालेल, आणि त्यात एवढीच ओळ लिहा:

ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१

रीस्टार्ट केल्यावर स्पीकर बोलू लागतील, पण ज्यांचा अंतर्गत माइक डिजिटल आहे त्यांचा माइक जाईल. ऑनलाइन वर्ग किंवा मुलाखती असतील तर हा सौदा परवडत नाही. हेडफोनचा माइक वापरणार असाल तर चालेल. कंटाळलात की ती फाइल काढून टाका, सगळे पूर्ववत होईल. अगदी नव्या, साउंडवायर पद्धतीने जोडलेल्या कोडेकच्या लॅपटॉपवर हा तोडगा चालतच नाही, तिथे नवा कर्नल हाच मार्ग.

पायरी ६: हेडफोन चालतात, मिक्सर उघडा आहे, तरी स्पीकर गप्प

गेल्या काही वर्षांतल्या महागड्या आणि गेमिंग लॅपटॉपमध्ये स्पीकरपुढे स्वतंत्र 'स्मार्ट' ॲम्प्लिफायर असतो. सिरस लॉजिकचा सीएस३५एल४१ आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएएस२७८१ ही त्यातली नेहमी भेटणारी नावे. कर्नलने त्याला जागे केले नाही तर कोडेक आपले काम चोख करतो आणि आवाज ॲम्प्लिफायरच्या दारातच थांबतो. कधी फक्त बारीक, पत्र्यासारखा आवाज येतो, कारण चार स्पीकरपैकी दोनच चालू असतात.

यावर नवा कर्नल आणि नवे लिनक्स-फर्मवेअर पॅकेज हवे. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत लिनक्स कर्नलची यादी आहे, तिथून नवा निवडता येतो आणि जुनाही शिल्लक राहतो. पण काही बदलण्याआधी फेडोराच्या ताज्या आवृत्तीचा लाइव्ह यूएसबी (काही न बसवता लिनक्स चालवून पाहता येणारा पेनड्राइव्ह) बनवून त्यावरून लॅपटॉप चालू करा. डिस्कवरच्या कशालाही धक्का न लावता कळते की नव्या कर्नलवर स्पीकर वाजतो का. वाजला तर तुम्हाला नेमके काय हवे ते ठरले.

त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल तर आणखी एक शक्यता. विंडोजमधून थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलात की कोडेक आणि ॲम्प्लिफायर विंडोजने सोडलेल्या अवस्थेतच राहू शकतात. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' बंद करा आणि एकदा पूर्ण शटडाउन करून मग लिनक्स चालू करा.

पायरी ७: खरेच स्पीकर गेला असेल तर

लाइव्ह यूएसबीवरही आवाज नाही, विंडोजमध्येही नाही, तर हार्डवेअर तपासायची वेळ आली. डेलच्या लॅपटॉपवर चालू होताना एफ१२ दाबून आणि एचपीवर एस्केप व मग एफ२ दाबून कंपनीची स्वतःची तपासणी चालवता येते. ती लिनक्सवर अवलंबून नसते.

लॅपटॉप हल्लीच रॅम किंवा एसएसडीसाठी उघडला होता का हे आठवा. मागचे झाकण काढताना स्पीकरची बारीक वायर जागेवरून निघते आणि परत बसवायची राहून जाते. पूर्वी वापरलेला लॅपटॉप विकत घेतानाही हेच लक्षात ठेवा: दुकानातच लाइव्ह यूएसबी लावून डावा-उजवा दोन्ही स्पीकर ऐका. बदलायचाच झाला तर डावा-उजवा बहुधा एकाच वायरीने जोडलेला जोड म्हणून मिळतो, आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक हातात असेल तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारणे सोपे जाते. स्वतः उघडणार असाल तर आधी बॅटरीची पिन काढा.

मदत मागताना

इथपर्यंत येऊनही सुटले नाही तर जाणकारांना विचारा, पण 'आवाज येत नाही, अर्जंट' एवढेच लिहू नका. टर्मिनलमध्ये अल्सा-इन्फो चालवा, त्याला --नो-अपलोड जोडा, म्हणजे माहिती कुठेही न पाठवता टेम्प (टी-एम-पी) फोल्डरमध्ये एक मजकूर फाइल तयार होते. तिच्यात कर्नल, कार्ड, कोडेक, मिक्सर असे सगळे असते. पाठवण्याआधी एकदा नजर फिरवा. सोबत वितरणाचे नाव आणि आवृत्ती, हेडफोनमध्ये आवाज येतो का, आवाज कधीच नव्हता की एखाद्या अपडेटनंतर गेला, आणि पायरी ५ मधल्या एलएसपीसीआयच्या उत्तरातली 'सबसिस्टिम'ची ओळ जरूर द्या. त्या ओळीतला क्रमांक गाळू नका. कर्नलमध्ये रिअलटेकच्या कोडेकसाठी लॅपटॉपनिहाय दुरुस्त्यांचा एक लांबलचक तक्ता आहे, त्यातल्या बहुतेक नोंदी अशा क्रमांकावरून ओळखल्या जातात, आणि तुमचे मॉडेल त्यात नसेल तर विकासकाला ते घालायला आधी हाच आकडा लागतो.